झेरॉक्सवरची आडवी ओळ

काका, मी दिलेला पेढा तुम्ही खाल्ला नव्हता. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून टेबलाच्या कडेला सरकवलात, "नंतर खातो" म्हणालात, आणि संध्याकाळी निघताना मी बघितलं तर तो तिथेच, मुंग्या लागलेला. त्या पेढ्याचा राग मी कितीतरी वर्षं धरून ठेवला. तुम्ही गेलात हे कळलं तेव्हासुद्धा आधी तो पेढा आठवला, मग तुम्ही. खोटं कशाला बोलू, एरवी तुमची आठवण येत नाही मला. आज आली, कारण उद्या सोमवार आहे आणि एका माणसाला हो किंवा नाही कळवायचंय. रविवारची दुपार आहे, कोपरखैरण्याच्या माझ्या ऑफिसात मी एकटीच बसलेय, शटर अर्धं खाली ओढलंय. समोर एका मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स आहे. खाली तिची सही, बाकी सगळी कोरी. तुम्ही असतात तर आत्तापर्यंत माझ्या अंगावर ओरडला असतात.

बारावीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात बाबा मला सरांच्या ऑफिसात घेऊन आले होते. वाशीला, मार्केटच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये. मसाला मार्केटात मिरचीची पोती उघडली की आख्खं ऑफिस शिंकायचं, आणि सर काचेच्या केबिनमधून हाताने खुणा करायचे की खिडक्या लावा. सर सीए होते, मोठे. बाबा म्हणजे घणसोलीचे, भाताची शेती कधीच गेलेली, पावण्याच्या एका कारखान्यात गेटवर बसायचे. सरांनी खुर्ची दाखवली तरी उभेच राहिले. "पोर हुशार हाय सर, तुमच्या हाताखाली घ्या. पगाराचं मागनं नाय आपलं." सरांनी केबिनमधूनच तुमच्याकडे बोट केलं, "काकांजवळ बस, ते शिकवतील." तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. नाकावरचा चष्मा सावरलात आणि बाजूच्या खुर्चीवरची फाईल उचललीत, एवढंच. मला वाटलं, झालं, या म्हाताऱ्यापाशी आता आपली वाट लागणार.

आणि लागलीच! तुम्ही साताऱ्याकडचे, उमेदीच्या वयात धान्याच्या गाळ्यावर हिशोब लिहिणारे मेहताजी होतात, मग सरांकडे आलात. बोलायचात कमी, पण बोललात की टोचून. व्हाउचर फाईलला लावायचं तर आधी कागद दुमडून मधली घडी पाडायची आणि मगच पंच मारायचा. एका फाईलला माझी भोकं वाकडी पडली तर सगळी फाईल सोडवून परत लावायला लावलीत. पण खरा छळ होता नरेशनचा. कॉम्प्युटरवर एंट्री केली की खाली एक रिकामी जागा असते, तिथे व्यवहार कशाबद्दल ते दोन शब्दांत लिहायचं. ती जागा भरली नाही तरी एंट्री होते, सगळ्या ऑफिसातली पोरं कोरीच सोडायची. मीही सोडली. तुम्ही स्क्रीनकडे बघत म्हणालात, "हे कशाचं?" मी म्हटलं, "भाड्याचं असेल." "असेल? असेल म्हणजे काय? तुज्यामागनं जो बसंल त्यानं काय देव पाण्यात घालायचे का? कशाबद्दल ते लिही. लिहिलं न्हाई तर उद्या कुणीबी काहीबी म्हणंल." दिवसभरात केलेल्या सगळ्या एंट्र्या उघडून मी परत लिहीत बसले. बाकीची पोरं गालातल्या गालात हसत होती, आणि मी मनात तुम्हाला नाही नाही ते बोलत होते.

मग ती झेरॉक्स. ऑफिसात कार्ड द्यायचं म्हणून सरांनी सगळ्यांचे पॅन आणि आधार मागवले. मी खालच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या, खाली सही ठोकली आणि निघाले केबिनकडे. तुम्ही मधेच हात आडवा घातलात. "कशासाठी देतीयास?" ऑफिसच्या कार्डासाठी, मी म्हटलं. "मग लिही तसं." पेन माझ्या हातात कोंबलंत आणि बोटाने दाखवलंत: कागदावर तिरकी नाही, चांगली आडवी ओळ, फोटोवरून नंबरावरून जाणारी, 'फक्त ऑफिसच्या ओळखपत्रासाठी', पुढे तारीख, मग सही. "कोऱ्या झेरॉक्सवर सही करू नको कधी. बापानं मागितली तरी करू नको." आवाज इतका चढला होता की सर केबिनमधून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका झेरॉक्सवरून कोण एवढं बोलतं? घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हातारा जलतो गो बाय. नव्या पोराचं कोनाला बघवतं?" मला ते पटलं. मनासारखं होतं ना, म्हणून पटलं.

पावसाळा सरता सरता सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बस म्हणाले. त्यांचा एक मोठा क्लायंट नवीन कंपनी काढत होता, कायद्याने दोन डायरेक्टर लागतात, एक तो स्वतः, आणि दुसरं कोणीतरी विश्वासाचं हवं. "तू हुशार आहेस. तुझं नाव टाकू या. तुला काही करायचं नाही, नुसतं नाव. एक्सपिरियन्सला पण बरं." अहो, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, कॉलेजात मागच्या बाकावर बसणारी पोरगी मी. डायरेक्टर! मी कागदांवर सह्या केल्या. या वेळी झेरॉक्सवर काही लिहिलं नाही, कारण सरांसमोर ती आडवी ओळ ओढणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं. काही दिवसांनी माझं डिजिटल सहीचं टोकन आलं. आपल्या ऑफिसातला तो प्लॅस्टिकचा डबा तुम्हाला आठवत असेल. मोठमोठ्या शेठ लोकांची टोकनं त्यात असायची, पेनड्राइव्हसारखी, प्रत्येकाला नावाची पट्टी चिकटवलेली. टोकन कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड टाकायचा, की त्या माणसाची सही झालीच, मग तो माणूस दुबईला असो नाहीतर झोपलेला. सगळ्यांचा पासवर्ड एकच होता, तोही मलाच पाठ. त्या शेठ लोकांच्या रांगेत आता माझ्या नावाची पट्टी. मी ते टोकन दोन-तीनदा उचलून बघितलं, नखाने पट्टीचा कोपरा नीट दाबला.

घरी सांगितलं आणि बाबांनी गाव डोक्यावर घेतलं. देवळात नारळ फोडला, पेढे आणले आणि गेटवरच्या वॉचमनपासून आळीतल्या सगळ्या घरांपर्यंत वाटले. "पोर डायरेक्टर झाली हाय माजी. कंपनीची!" कोनच्या कंपनीची, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मोठी हाय, वाशीला हाय." ज्यांनी जमिनीच्या पैशात बंगले बांधले आणि आम्हाला कधी या-बसा केलं नाही, ते लोक त्या दिवशी दारात येऊन माझ्याशी बोलले. बाबांना इतकं ताठ चालताना मी आधी कधीच बघितलं नव्हतं. उरलेले पेढे मी डब्यात घालून ऑफिसात आणले. सरांना द्यायचा धीर झाला नाही. पहिला पेढा तुम्हाला दिला, कारण शिकवलं तुम्हीच होतं. "कशाचा?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही पेढ्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि चष्मा काढून पुसत बसलात.

दुपारी तुम्ही मला खाली टपरीवर नेलंत. दोन कटिंग सांगितलेत आणि तुमचा हातात धरूनच ठेवलात. "सरांना जाऊन सांग, घरचे नको म्हणतात. कंपनी अजून रजिस्टर झाली न्हाई, तवर सुटशील." मी म्हटलं, का? "मी सांगतोय म्हणून." हे काय कारण झालं का? मी सरळ विचारलं, काका, काय प्रॉब्लेम आहे ते नीट सांगा ना. तुम्ही टपरीवाल्याकडे बघितलंत, ऑफिसच्या खिडकीकडे बघितलंत. "नुसतं नाव म्हणतात, पोरी, पर उद्या काय झालं की नावच शोधत येत्यात." यापुढे एक शब्द नाही. मी गावभर पेढे वाटून बसलेली, आता जाऊन नको म्हणू? बाबांना काय तोंड दाखवू? मी चहा अर्धा टाकला आणि वर आले. त्या दिवशी तुम्ही अजून दोन वाक्यं बोलला असतात तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, की नसतं झालं, काय माहीत. पण बोलायला हवं होतं काका. मला आजही तेच वाटतं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी हात धुऊन परत आले तर तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर होतात. माझं टोकन लावलेलं. तुम्ही एका बोटाने सावकाश पासवर्ड टाकत होतात. चुकला असं स्क्रीनवर यायचं, तुम्ही परत टाकायचात, परत चुकला. मला वाटलं म्हाताऱ्याला पासवर्ड आठवत नाही. मी दारातूनच म्हटलं, "काका, मी टाकते ना." तुम्ही मान वळवली नाहीत. अजून एकदा टाकलात, आणि टोकन लॉक झालं. ठरावीक वेळा चुकलं की ते कायमचं बंद पडतं, हे मला शिकवणारे तुम्हीच. तुम्ही ते काढून माझ्या की-बोर्डवर ठेवलंत आणि उठून हात धुवायला गेलात. संध्याकाळी कंपनीचे कागद भरायचे होते. सरांनी टोकन लावलं, लागेना. कोणी केलं म्हणून ते बाहेर येऊन ओरडले, आणि तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "हिनं."

मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढे म्हणालात, "टोकनाचं एक वेळ सोडा. हिच्या बापानं गावभर पेढे वाटल्यात, पोरगी डायरेक्टर झाली म्हणून. लोक विचाराय लागल्यात कुठली कंपनी, कुणाची. मला पण आणून दिला पेढा." आणि कागदाच्या त्याच तुकड्यात बांधून ठेवलेला तो वाळका पेढा तुम्ही ड्रॉवरमधून काढून सरांसमोर ठेवलात. सरांचा चेहरा असा उतरलेला मी कधी बघितला नव्हता. ते माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले, आणि तुम्ही वर मीठ चोळल्यासारखं म्हणालात, "ही या लाईनची न्हाईच." सगळं ऑफिस बघत होतं. टोकनाची खोटी तक्रार मी एक वेळ विसरले असते, पण माझ्या बापाच्या आनंदाचा पेढा तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलात. जिना उतरताना मी रडले आणि मार्केटच्या नाक्यापर्यंत रडत गेले. मिरचीमुळे सगळ्यांचेच डोळे लाल, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

गावात काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नसेल. "काय डायरेक्टर बाय, सुट्टी हाय का आज?" असं पोरं तोंडावर विचारायची. बाबांनी कामावर जायचा रस्ता बदलला, देवळावरून जायच्याऐवजी मागच्या नाल्याच्या बाजूने जायला लागले, आणि शेवटपर्यंत तिकडूनच गेले. मी तुर्भ्याच्या एका छोट्या ऑफिसात लागले, तिथे बिलं चढवत चढवत बीकॉम केलं. सीए काही झाले नाही. जीएसटी, रिटर्न, छोट्या दुकानदारांचे हिशोब, यावर माझं चाललंय. पण एक सांगते, नरेशन मी कधी कोरं सोडलं नाही. तुमच्यावरचा राग तसाच होता तरी बोटं आपोआप लिहायची.

मग एकदा वाशीच्या बँकेत एक मुलगी भेटली. ती मला ओळखत होती, मी तिला नाही. "तुमच्यानंतर मी बसले तिथे, काकांजवळ. तुमचं ओळखपत्र ड्रॉवरमध्येच राहिलं होतं," म्हणाली. मी गेले त्याच आठवड्यात सरांनी तिला ठेवलं आणि तिच्या नावाचं टोकन काढलं. त्या कंपनीने खोटी बिलं फाडली, क्लायंट गायब झाला, आणि नोटिसा हिच्या नावाने घरी. हिला कंपनी कशाची होती हेसुद्धा धड माहीत नव्हतं. सर म्हणाले, सही तुझी आहे, मी काय करू? खातं गोठलं होतं, ते सोडवायला ती बँकेत आलेली. ठरलेलं लग्न मोडलं, हे तिने असं सांगितलं की जणू पत्ता सांगतेय. मी तिला विचारलं, काकांनी तुला काही सांगितलं नाही? ती म्हणाली, "काका? ते तर माझ्याशी बोलायचेच नाहीत. आणि ते काय सांगणार? त्यांच्या स्वतःच्या नावावर केवढ्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे पण चौकशीवाले आले होते. त्यातच गेले ना ते, अॅटॅकने." मी बँकेतल्या त्या लोखंडी बाकावर बसून राहिले. रांगेतला माझा नंबर येऊन गेला तरी बसून राहिले.

तुमचा पत्ता शोधत मी ऐरोलीला गेले होते काका. काकूंनी जाळीचं दार उघडलंच नाही. "कंपनीचं काही असेल तर ते गेलेत. मला काही माहीत नाही. माझी सही कशावर नाही." हे त्यांना पाठ झालं होतं. मी सांगितलं, तसं काही नाही, मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी जाळीतून बघितलं मला जरा वेळ. मला फार आशा होती, लहान पोरासारखी, की त्या म्हणतील, हो, तुझं नाव घ्यायचे. त्या म्हणाल्या, "ऑफिसातलं ते घरी कधी बोलत नव्हते," आणि आतलं दार लावून घेतलं. खाली येऊन मी सोसायटीच्या गेटवर किती वेळ उभी होते कोण जाणे. तुम्ही मला वाचवलंत हे मला तुमच्या तोंडून कधीच कळणार नव्हतं. आणि तुम्ही वाचवलंत तरी कसं, माझी खुर्ची रिकामी राहिलीच नाही. मला हाकललंत आणि त्याच खुर्चीत ती बसली. तिच्याशी तुम्ही बोलत नव्हतात म्हणे. दुसऱ्यांदा तीच युक्ती चालली नसती हे मला कळतं. भीती वाटली असेल हेही कळतं. सरांच्या एका बोटावर तुमचं घर चाललं होतं, आणि तुमच्या नावाचं टोकनही त्यांच्याच हातात. सगळं कळतं मला, तरी त्या मुलीचा चेहरा आठवला की तुमची कीव येते आणि चीडही येते, दोन्ही एकदमच.

आता उद्याचं सांगते. माझा एक क्लायंट आहे, मोठा. मोठा म्हणजे माझ्यासाठी मोठा, त्याच्या कामावर या गाळ्याचं भाडं निघतं. तो नवीन कंपनी काढतोय. शुक्रवारी इथे बसून चहा पिताना म्हणाला, "मॅडम, दुसरा डायरेक्टर लागतो. तुमच्याकडची ती पोरगी द्या ना. नुसतं नाव. वर्षभरात काढून टाकू." शब्दन् शब्द तोच, काका. सगळ्यांना हे कुठे शिकवतात? मी कपाळाला हात लावायला पाहिजे होता, त्याला दार दाखवायला पाहिजे होतं. नाही म्हणाले तर तो काम उचलून समोरच्या बिल्डिंगमध्ये नेईल, हे त्याने हसत हसत सांगूनही टाकलं. मी म्हणाले, "सोमवारी सांगते." तुमच्यासारखीच खिडकीकडे बघत म्हणाले.

ती पोरगी बाजूलाच बसली होती. जूनमध्ये बारावी करून आली माझ्याकडे, आई पावण्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. पोरगी चटपटीत आहे, भोकं सरळ पाडते. तो गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मी डायरेक्टर होणार?" तिचे डोळे मला बघवेनात. मी काही बोलायच्या आत खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली, सही केली आणि माझ्या टेबलावर ठेवली. काल तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? सोमवारी पोरीबरोबर पेढे पाठवते." मी त्या बाईला नाही म्हणू शकले नाही. हं, बरं, असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल हिने टोकन लॉक करावं, खोटं बोलावं, हाकलून द्यावं. त्यातलं काही नको मला. तिला समोर बसवून सगळं सांगायचं आणि त्या माणसाला नाही म्हणायचं, एवढंच तर आहे. तुम्हाला जे जमलं नाही तेवढंच. टपरीवर तुम्ही हातात चहा धरून का गप्प बसलात ते मला आज समजतंय, आणि समजलं म्हणून मला अजिबात बरं वाटत नाहीये. शटरच्या फटीतून ऊन आत येऊन टेबलाच्या पायापर्यंत आलंय. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, तुमच्या घरचं दार तर मी स्वतः आले तेव्हाही माझ्यासाठी उघडलं नव्हतं. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. केव्हापासून पेन माझ्या हातात आहे. या पेनाने मी तुम्हाला एवढी पानं लिहिली. तिच्या झेरॉक्सवर आडवी एक ओळ लिहायची होती, ती अजून लिहिलेली नाही.